घरगाडी आणि वसंतातील भेटीगाठी

इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी इत्यादी देशांत ईस्टरचा सण जवळ आला, म्हणजे हिवाळाभर अंगणात झाकून ठेवलेल्या घरगाड्या बाहेर निघू लागतात. घरगाडी म्हणजे जीत निजण्याची, स्वयंपाकाची व बसण्याउठण्याची सोय केलेली आहे अशी मोटार. इंग्रज लोक तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. पाण्याच्या टाक्या धुतल्या जातात, गाद्यांना ऊन दाखविले जाते, आणि एखाद्या शुक्रवारी सकाळी नवराबायको, दोन मुले व बहुधा एक कुत्रा अशी मंडळी आठपंधरा दिवसांकरिता घर बरोबर घेऊन घर सोडतात. वाटेत समुद्रकिनारा असतो, डोंगर असतो. परंतु मुक्कामांची यादी पाहिली, तर तीत एखादी मावशी, एखादा जुना सहाध्यायी, दूरच्या गावी नोकरीवर गेलेला मुलगा, अशी नावे हटकून आढळतात.

ह्या गाडीचा इतिहास बहुधा स्वच्छंद भ्रमणाचा इतिहास म्हणून सांगण्यात येतो. माणसाला चार भिंतींचा कंटाळा आला, म्हणून त्याने भिंतींना चाके लावली, असे त्याचे सार असते. हे सार खोटे नाही. पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली जाते. चाकांवरचे घर ज्यांनी प्रथम आपलेसे केले, त्यांना ते हवे होते आपल्या माणसांपर्यंत पोहोचण्याकरिता. आणि पुढे ज्यांनी ते हौसेने उचलले, त्यांनाही थोड्याच काळात त्याचा तोच उपयोग सापडला. मात्र एकाच वस्तूचा एकाच कारणासाठी उपयोग करणाऱ्या ह्या दोन वर्गांस कायद्याने एका मापाने मोजलेले नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ रोमानी लोकांपासून केला पाहिजे. युरोपात आलेले हे लोक मिसर देशाचे, अशा गैरसमजुतीने इंग्रजांनी त्यांस 'जिप्सी' हे नाव दिले. वस्तुतः ते मूळचे आपल्याकडले. त्यांच्या भाषेचे हिंदुस्थानी भाषांशी नाते आहे, हे र्‍यूडिगर ह्या जर्मन पंडिताने १७८२ साली दाखविले. पुढे टर्नर ह्यांनी १९२६ साली भारतीय आर्यभाषांच्या कुळात तिचे स्थान कोणते ह्याची चिकित्सा केली. मराठी वाचकांस विशेष जवळची गोष्ट अशी, की ज्या झ्यूल ब्लॉक ह्यांनी १९२० साली मराठी भाषेच्या घडणीवर आपला प्रसिद्ध फ्रेंच ग्रंथ छापला, त्यांनीच १९५३ साली ह्या लोकांवरही एक छोटेखानी पुस्तक लिहिले. रोमानी भाषेत नाकाला नाक व कानाला कान म्हणतात. पाण्याला पानी आणि मिठाला लोन म्हणतात. आपल्या घ, ध, भ ह्या वर्णांच्या जागी तेथे ख, थ, फ येतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे थुद म्हणजे दूध, फेन म्हणजे बहीण, हे कोणासही सहज उमजेल. खाम म्हणजे सूर्य. संस्कृत 'घर्म' शब्दाचे हे एक अपत्य, आपला 'घाम' हे दुसरे.

परंतु तीन शब्द असे आहेत, की त्यांत ह्या लोकांचा सगळा इतिहास साठवलेला आहे. घराला ते 'खेर' म्हणतात. हा शब्द त्यांनी हिंदुस्थानातून नेला. गाडीला 'वर्दो' म्हणतात; तो इराणी भाषासमूहातला आहे. रस्त्याला 'द्रोम' म्हणतात; तो ग्रीकांकडून घेतलेला. सुमारे हजार वर्षांपूर्वी निघालेली ही माणसे इराण, आर्मेनिया, बायझंटाईन साम्राज्य अशी मजल दरमजल करीत पंधराव्या शतकाच्या आरंभी पश्चिम युरोपात पोहोचली. घर येथले, गाडी वाटेवरची आणि वाट परक्यांची, अशी साक्ष त्यांची भाषाच देते.

आता, चित्रांत आपण पाहतो ती नक्षीदार लाकडी घरगाडी मात्र तितकी जुनी नाही. इंग्लंडातील रोमानी कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाकविलेल्या फांद्यांवर कापड ताणून केलेल्या तंबूंत राहत असत व सामान छकड्यांतून वा घोड्यांच्या पाठीवरून नेत असत. १८५० च्या सुमारास ते राहत्या गाड्या वापरू लागले. रेडिंग शहरी डंटन ह्यांच्या कारखान्यात बनणाऱ्या गाड्यांची त्या काळी मोठी ख्याती होती. गाडीचे दार पुढे, घोड्याच्या बाजूस असे. आत शिरताच डाव्या हातास लोखंडी चूल व तिचे धुराडे; समोर, अगदी मागल्या टोकास, पलंग. चूल डावीकडेच का, तर इंग्लंडात वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने जातात. मागे तोंड करून आत शिरणाऱ्याची डावी बाजू ही गाडीची उजवी, म्हणजे रस्त्याच्या मधली बाजू असते. तेथे धुराडे असल्याने कडेच्या झाडांच्या फांद्या त्यास लागत नाहीत. धनी मरण पावला, म्हणजे त्याची गाडी त्याच्या वस्तूंसह जाळून टाकण्याची चाल होती. माणसामागे त्याचे घर उरू नये, अशी ती समजूत होती.

हिवाळ्यात ही कुटुंबे गावकुसाबाहेर कोठेतरी विखरून पडलेली असत. वसंत आला, रस्ते सुकले, कडेला घोड्यांपुरते गवत उगवले, की गाड्या हलत. पुढे गेलेल्या कुटुंबाने मागून येणाऱ्या भाऊबंदांसाठी चौरस्त्यावर पानांची, गवताची वा डहाळ्यांची खूण मांडून ठेवावी, असा रिवाज होता. त्या खुणेस 'पत्रिन' म्हणतात. हा शब्द आपल्या 'पत्र' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. आपल्याकडे पत्र म्हणजे आधी झाडाचे पान होते व मग लिहिलेला कागद झाला; त्यांच्याकडे ते झाडाचे पान राहूनच पत्राचे काम करू लागले. ज्यांस लिहितावाचता येत नव्हते, ज्यांना ठावठिकाणा नव्हता व म्हणून ज्यांच्याकडे टपालवाला कधी येणार नव्हता, त्यांची ही टपालव्यवस्था होय.

गाड्यांची वाट शेवटी जत्रेस पोहोचे. स्टो-ऑन-द-वोल्ड येथील जत्रेची सनद चौथ्या एडवर्डने १४७६ साली दिली. तेथे मे महिन्यात व पुन्हा ऑक्टोबरात घोड्यांचा बाजार आजही भरतो. उत्तरेकडे ॲपल्बी गावी जूनच्या आरंभी, म्हणजे तिकडील वसंताच्या अखेरीस, ह्याहून मोठा मेळा जमतो; ईडन नदीत घोडे धुण्याचा तेथला देखावा प्रसिद्ध आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सँत-मारी-द-ला-मेर येथे २४ व २५ मे रोजी यात्रा भरते, आणि रोमानी भाविक आपल्या सारा नामक देवतेची मूर्ती समुद्रापर्यंत वाजतगाजत नेतात. बाहेरच्या माणसास ह्या ठिकाणी घोडे आणि मिरवणूक दिसते. पण जत्रेस येणाऱ्याचे मुख्य काम निराळेच असते. हिवाळ्यात कोण गेले, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाशी धरलेला अबोला आता सोडावा, ह्या सर्वांचा निकाल तेथे लागतो. वर्षातील उरलेले दिवस पांगून राहण्याचे बळ ह्या चार दिवसांतून मिळते. आज तेथे लाकडी वर्दो मोजक्याच दिसतात. बहुतेक कुटुंबे मोटारीने ओढलेल्या घरांतून येतात. साधन बदलले, येण्याचे कारण बदलले नाही.

अशा माणसांशी राज्यसत्तेने कसे वर्तन केले? इंग्लंडच्या पार्लमेंटने १५३० साली त्यांस देशातून घालवून देण्याचा कायदा केला. १५५४ साली, जे जाणार नाहीत त्यांस देहान्त शिक्षा सांगितली. आणि हे निर्बंध पुढे रद्द झाले. त्यानंतरचे कायदे इतके उग्र नव्हते. पण रस्त्याच्या कडेला तळ देणे, चूल पेटविणे, ह्यांबद्दल दंड व हुसकावणी चालूच राहिली. ज्याला ठरलेले गाव नाही, त्याच्यावर ठरलेला संशय, हे सूत्र सुटले नाही.

१८७१ हे वर्ष ह्या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्या वर्षी सर जॉन लबक ह्यांच्या प्रयत्नाने पार्लमेंटने बँकांच्या सुट्यांचा कायदा संमत केला. इंग्लंडातील कारकून-कामगारांस ईस्टरनंतरचा सोमवार व व्हिटसनचा सोमवार ह्या वसंतातील दोन सुट्या कायद्याने मिळाल्या, आणि आप्तेष्टांस भेटावयास जाण्याची सवड गरिबाच्या पंचांगात प्रथमच छापली गेली. त्याच वर्षी हिंदुस्थानात त्याच इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याअन्वये ज्या जमातींची नावे यादीत घातली गेली, त्यांस हजेरी देणे भाग पडले, आणि परवान्यावाचून गाव सोडणे हा गुन्हा ठरला. एकाच वर्षी एका हाताने फिरण्याची मोकळीक दिली व दुसऱ्या हाताने फिरणे हाच अपराध ठरविला. दोन्ही हात एकाच देहाचे होते, हे विसरता येत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर गॉर्डन स्टेबल्स ह्या गृहस्थाचे चरित्र पाहण्यासारखे आहे. हे स्कॉटलंडचे राहणारे, आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य, आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लोकप्रिय लेखक. त्यांनी ब्रिस्टलच्या गाडीकारखान्याकडून 'वाँडरर' नावाची एक घरगाडी खास हौसेसाठी बनवून घेतली, आणि १८८५ साली ट्वायफर्डपासून इन्व्हर्नेसपर्यंत सुमारे तेराशे मैलांचा प्रवास केला. भरल्या गाडीचे वजन दोन टनांच्या घरात होते. ती ओढावयास दोन घोडे, हाकावयास सारथी, पुढे तीनचाकी सायकलीवरून रस्ता मोकळा आहे की नाही हे पाहत जाणारा फोली नामक सेवक, सोबतीस एक दांडगा कुत्रा व एक पोपट, असा हा लवाजमा होता. त्यांच्या पुढल्या एका पुस्तकाच्या नावातच त्यांनी स्वतःस 'सभ्य जिप्सी' म्हणवून घेतले आहे. ते विशेषण जरा थांबून वाचावे. गाडी तीच, रस्ता तोच, चूलही तीच. आधी 'सभ्य' हा एक शब्द लावला, की दंडाच्या जागी कौतुक मिळत असे. १९०७ साली इंग्लंडात घरगाडीवाल्यांचा क्लब स्थापन झाला, तेव्हा ह्याच स्टेबल्सना उपाध्यक्षपद देण्यात आले.

स्टेबल्स ह्यांची ही सफर मुख्यतः निसर्ग आणि एकान्त ह्यांसाठी होती. घरगाडीत कुटुंबाने प्रवेश केला तो मोटारीच्या मागोमाग. दक्षिण जर्मनीतील ईस्नी गावी आरिस्ट डेथलेफ्स नावाचे एक कारखानदार होते. चाबूक व बर्फावर घसरण्याच्या खेळातील काठ्या विकण्यासाठी त्यांना वर्षाकाठी कित्येक आठवडे घराबाहेर राहावे लागे. त्यांच्या पत्नी चित्रकार होत्या; चित्रे काढीत हिंडता येईल व दोघांस एकत्रही राहता येईल अशी काही सोय व्हावी, ह्या विचारातून डेथलेफ्स ह्यांनी १९३१ साली मोटारीस जोडण्याचे एक छोटे घर स्वतः तयार केले. तिला त्यांनी 'राहती गाडी' असे नाव दिले. विरह टाळण्याकरिता घराला चाके लागली, ह्याचे ह्याहून निःसंदिग्ध उदाहरण नाही.

पुढची पायरी महायुद्धानंतरची. फोक्सवागन कंपनीच्या गाड्या आपल्या देशात आणणारे डच व्यापारी बेन पॉन ह्यांनी २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या टिपणवहीत एका खोकेवजा गाडीचे रेखाचित्र काढले. चालक अगदी पुढे, यंत्र अगदी मागे, मध्ये सामानाला जागा. त्यावरून १९५० च्या मार्चात त्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. १९५१ साली वेस्टफालिया ह्या कंपनीने तिच्यात बसविण्याची एक पेटी काढली. तीत बिछाना, कपाट व स्वयंपाकाची मांडणी होती. ही पेटी काढता-घालता येत असे, हेच तिचे मर्म. सोमवार ते शनिवार त्याच गाडीतून दुकानाचा माल जाई, आणि सुटीच्या दिवशी तिच्यातून दुकानदाराचे कुटुंब निघे. इंग्लंडात १९५२ साली फोक्स्टन येथील मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड गाडीवरून 'डॉर्मोबील' बनविली, आणि ते नाव इतके रुळले, की तशा कोणत्याही गाडीला लोक डॉर्मोबील म्हणू लागले. दोन नोकर व दोन घोडे बाळगण्याची ऐपत नसलेल्या साध्या शिक्षकाला किंवा सुताराला आता स्टेबल्ससाहेबांची चैन परवडू लागली.

ह्याच वर्षांत युरोपातील कुटुंबे पांगत होती. एक मुलगा खाणीच्या गावी, एक मोटारीच्या कारखान्यात, मुलगी परप्रांतात दिलेली, अशी स्थिती घरोघर झाली. घरे लहान झाली. चौघांचे कुटुंब पाहुणे म्हणून आले, तर त्यांना निजवायचे कोठे, हा प्रश्न यजमानास पडू लागला आणि तो ओळखून पाहुणाही येईनासा झाला. घरगाडीने ही कोंडी फोडली. पाहुणा आपला बिछाना घेऊन अंगणात उतरतो. जेवण एकत्र, गप्पा मध्यरात्रीपर्यंत, आणि निजावयास ज्याचा तो आपल्या घरी. आपल्याकडे पाहुण्यासाठी माजघरात एका ओळीने पथाऱ्या पसरण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पाहुणपण थोडे कोरडे वाटेल, आणि ते वाटणे अगदीच अस्थानी नाही. एका छपराखाली निजण्यात जी जवळीक असते, ती अंगणात उभ्या केलेल्या गाडीत नाही. परंतु न येणाऱ्या जिवलगापेक्षा अंगणात उतरलेला पाहुणा बरा, हा हिशेबही खोटा नव्हे. म्हातारी माणसे, जी मुलाच्या घरी चार दिवस राहून संकोचाने परत फिरत, ती आपल्या गाडीत पंधरा दिवस सुखाने राहतात, नातवंडे सकाळी उठून त्या गाडीचे दार ठोठावतात, हे दृश्य तिकडे आता नवलाचे राहिलेले नाही.

पण ज्या जर्मनीत १९३१ साली एका प्रेमळ नवऱ्याने हे घर बांधले, त्याच जर्मनीत १९३६ साली ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर बर्लिनमधील रोमानी व सिंती कुटुंबांना त्यांच्या गाड्यांसकट उचलून शहराच्या कडेला मार्त्सान येथील छावणीत कोंडण्यात आले. पुढे त्यांतील अनेकांची रवानगी औश्वित्स येथे झाली. तेथे त्यांच्यासाठी असलेल्या भागाला 'कुटुंब-छावणी' म्हणत, कारण आईबाप व मुले तेथे एकत्र ठेवली होती. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्या छावणीत उरलेली चार हजारांहून अधिक माणसे मारण्यात आली. ह्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

युद्धोत्तर इंग्लंडात असे अत्याचार नव्हते. होता तो शिष्टाचाराच्या भाषेत लिहिलेला नकार. १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर भटक्या कुटुंबांसाठी तळ पुरविण्याची जबाबदारी टाकली. १९९४ च्या कायद्याने ती काढून घेतली. नंतर २०२१ चा वसंत आला. साथीच्या रोगामुळे वर्षभर माणसे माणसांना पारखी झाली होती. इंग्लंडात निर्बंध पायरीपायरीने सैल करण्यात आले: २९ मार्चपासून सहा जणांस उघड्यावर भेटण्याची मुभा मिळाली, १२ एप्रिलपासून एका कुटुंबास स्वतंत्र सोयीच्या निवासात, म्हणून घरगाडीतही, मुक्काम करता येऊ लागला, परंतु दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवण्याची परवानगी १७ मेपर्यंत नव्हती. त्या पाच आठवड्यांत घरगाडी ही चैनीची वस्तू राहिली नाही. आजीच्या बागेत बसून तिला पाहावे, बोलावे, आणि रात्री आपल्या गाडीत जाऊन निजावे, हे तिच्यामुळे शक्य झाले. वर्षभराच्या ताटातुटीनंतर वसंतात चाकांवरचे घर घेऊन आप्तांस भेटावयास जाणे म्हणजे काय, हे इंग्लंडातील मध्यम वर्गास त्या वेळी प्रत्यक्ष कळले. ॲपल्बीच्या वाटेवरील लोकांस ते दीडशे वर्षे ठाऊक होते.

आणि त्याच मार्च महिन्यात पार्लमेंटपुढे एक विधेयक आले. जागेच्या मालकाची संमती नसता गाडीत वास्तव्य करणाऱ्याने सांगूनही जागा सोडली नाही, आणि त्याच्यामुळे काही उपद्रव झाला किंवा होण्याचा संभव दिसला, तर तो गुन्हा समजावा व त्याची गाडी जप्त करण्याचा अधिकार पोलिसांस असावा, असे एक कलम त्यात होते. २०२२ साली ते कायद्यात आले. गाडी जप्त करणे ह्याचा अर्थ पर्यटकाच्या बाबतीत वाहन जाणे. दुसऱ्याच्या बाबतीत घर, चूल व मुलांचा बिछाना जाणे. मे २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ह्या कायद्याने पोलिसांस दिलेल्या अधिकारांचा काही भाग मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे घोषित केले. म्हणजे जी गोष्ट इतिहासकाराने दाखवावयाची, ती न्यायाधीशासही दिसली.

आपण महाराष्ट्रीयांनी हे सर्व परक्याचे म्हणून वाचून सोडून द्यावे काय? १८७१ चा तो कायदा आपल्याकडे वाढत वाढत मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला; पण 'गुन्हेगार' हा शब्द ज्यांच्या कपाळी एकदा लिहिला गेला, त्यांस गावोगाव उतरण्याची जागा मिळविताना तो अजून आड येतो. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथाची यात्रा भरते, ती ऐन वसंतात, होळीपासून गुढीपाडव्याच्या सुमारापर्यंत. राज्यभरातले भटके समाज तेथे गाढवांच्या बाजाराच्या निमित्ताने जमतात. लग्ने जुळतात, तंटे तुटतात, वर्षभराच्या बातम्या एकमेकांस कळतात. सँत-मारी, ॲपल्बी आणि मढी ह्यांमध्ये हजारो मैलांचे अंतर आहे. ऋतू आणि प्रयोजन मात्र एकच. इकडे आपल्या राज्य सरकारने २०२१ साली घरगाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि अशा गाड्यांच्या मुक्कामासाठी सोयींनी युक्त असे तळ असावेत असे ठरविले. पाणी, वीज, शौचालय व सुरक्षितता असलेला मुक्कामाचा तळ ही फार चांगली कल्पना आहे. पालावर राहणारी कुटुंबे ती पिढ्यान्‌पिढ्या मागत आली आहेत.

घरगाडीतून वसंतात हिंडणाऱ्या कुटुंबाचा आनंद निर्मळ आहे. त्याबद्दल त्यास कोणी दोष देऊ नये. भेटीची ओढ ही मनुष्यमात्राची ओढ आहे, आणि तिच्यासाठी घराला चाके लावणे ही शोभेचीच गोष्ट आहे. फक्त अशा तळावर आपली गाडी उभी करताना जरा पलीकडे पाहावे. रस्त्याच्या कडेला दुसऱ्या कोणाचे घर उतरले असेल, त्याची चूल पेटली असेल, आणि तेही कोणास तरी भेटावयास निघालेले असेल. पूर्वी अशा वाटसरूंनी चौरस्त्यावर मागच्यांसाठी एक पान ठेवलेले असे. ते पत्र आपल्याच भाषेतले होते, आणि आपल्याला ते आता वाचता येते.